कर्करोग पुनर्वसन

कर्करोगामुळे किंवा त्यावरील उपचारांमुळे उणावलेली शारीरिक क्षमता टिकवण्यासाठी आणि शक्य तितकी परत मिळवण्यासाठी केल्या जाणाऱ्या वैद्यकीय उपाययोजनेस कर्करोग पुनर्वसन असे म्हणतात. भौतिकोपचार अर्थात फिजिओथेरपी आणि नियोजित व्यायाम हा या उपाययोजनेचा कणा आहे. व्यवसायोपचार, वाचा व गिळण्याचे उपचार, आहारविषयक सल्ला आणि मानसिक आधार ही तिची इतर अंगे होत. पुनर्वसन उपचार संपल्यावर सुरू होते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात ते निदानाच्या दिवसापासून सुरू होऊ शकते आणि आजार बरा होण्याची शक्यता नसलेल्या रुग्णालाही त्याचा उपयोग होतो.

कर्करोगाच्या रुग्णाने 'आराम करावा', हा सल्ला विसाव्या शतकात बराच काळ डॉक्टरांकडून आणि नातेवाइकांकडून सारख्याच आपुलकीने दिला जात असे. गेल्या सुमारे चार दशकांतील संशोधनाने हा सल्ला बहुतांश रुग्णांच्या बाबतीत चुकीचा ठरवला आहे. दीर्घकाळ अंथरुणावर राहिल्याने स्नायू झिजतात, हृदयाची व फुप्फुसांची क्षमता घटते, हाडे विरळ होतात आणि शिरांमध्ये रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. रुग्णाला जाणवणारा अशक्तपणा काही अंशी आजाराचा, काही अंशी औषधांचा आणि उरलेला या सक्तीच्या विश्रांतीचा असतो. यांपैकी तिसरा भाग टाळता येण्याजोगा आहे.

इतिहास

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन शल्यविशारद विल्यम हॉलस्टेड यांनी रूढ केलेल्या स्तनाच्या शस्त्रक्रियेत स्तनाबरोबरच छातीचे स्नायू आणि काखेतील लसीकाग्रंथीही काढून टाकल्या जात. ही पद्धत पुढे अनेक दशके प्रचलित राहिली. यातून वाचलेल्या स्त्रियांचे खांदे आखडत आणि हात सुजत. मात्र जीव वाचला यापलीकडे काही मागण्याची सोय त्या काळी नव्हती. १९५०च्या दशकात न्यूयॉर्कच्या टेरीस लॅसर यांनी स्वतःच्या शस्त्रक्रियेनंतर 'रीच टू रिकव्हरी' हा उपक्रम सुरू केला. यात शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रिया नव्या रुग्णांना भेटून धीर देत आणि हाताचे व्यायाम दाखवत. डॉक्टरांच्या परवानगीवाचून रुग्णांना भेटल्याबद्दल लॅसर यांना आरंभी विरोधही झाला. या कामाचा आरंभ एका रुग्णाने केला, ही गोष्ट या विषयाच्या इतिहासात दुर्लक्षिता येत नाही.

वैद्यकीय बाजूने जे. हर्बर्ट डीट्झ यांनी कर्करोग पुनर्वसनाची चार उद्दिष्टे मांडली. अपंगत्व येण्याआधीच ते टाळण्यासाठी केलेले प्रतिबंधक, गमावलेली क्षमता पूर्ववत करण्यासाठी केलेले पुनःस्थापक, कायमच्या उणिवेसह स्वावलंबी जगता यावे यासाठी केलेले आधारात्मक आणि अंतिम टप्प्यात त्रास कमी करण्यासाठी केलेले उपशामक, असे हे चार प्रकार आजही अभ्यासक्रमांत शिकवले जातात. १९७८ मध्ये अमेरिकेत लेहमन व सहकाऱ्यांनी ८०५ कर्करुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. उपचाराने सुधारू शकतील अशा शारीरिक अडचणी अनेकांना होत्या, पण त्यांपैकी पुनर्वसन सेवेपर्यंत पोहोचलेले फारच थोडे होते. अडचण ओळखलीच न जाणे आणि ओळखली तरी रुग्णाला योग्य ठिकाणी न पाठवणे, ही कारणे त्यात नोंदवली गेली. ती आजही फारशी बदललेली नाहीत.

व्यायामाच्या दिशेने पहिले ठोस पाऊल डॉक्टरांनी नव्हे, तर परिचर्या क्षेत्रातील संशोधकांनी टाकले. १९८९ मध्ये मॅकव्हिकर, विनिंगहॅम व निकेल यांनी स्तनाच्या कर्करोगासाठी केमोथेरपी घेत असलेल्या स्त्रियांना आठवड्यातून तीनदा, असे दहा आठवडे स्थिर सायकलवर व्यायाम करवला. व्यायाम करणाऱ्या गटाची प्राणवायू वापरण्याची क्षमता लक्षणीय वाढली. केमोथेरपी चालू असताना शरीराला कष्ट देणे धोक्याचे आहे, या समजुतीला बसलेला हा पहिला मोठा धक्का होता. २०१० मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन या संस्थेने तोवरच्या पुराव्यांचा आढावा घेऊन कर्करुग्णांनी निष्क्रियता टाळावी, असे स्पष्ट सांगितले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुधारित मार्गदर्शनात व्यायामाची 'मात्रा'ही दिली गेली.

खांदा आणि हात

स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर, विशेषतः काखेतील ग्रंथी काढल्यास किंवा त्या भागावर किरणोपचार झाल्यास, खांद्याची हालचाल मर्यादित होते. केस विंचरणे, ब्लाउजची बाही चढवणे, वरच्या फळीवरचा डबा काढणे, लोकल गाडीत डोक्यावरची कडी धरणे अशा साध्या क्रिया अवघड होतात. किरणोपचाराच्या वेळी हात डोक्यावर नेऊन स्थिर ठेवावा लागतो. खांदा आखडलेला असल्यास हे शक्य होत नाही आणि पुढचा उपचारच रखडू शकतो. म्हणून खांद्याचा व्यायाम हा मूळ उपचाराचाही भाग ठरतो. काही रुग्णांमध्ये काखेपासून कोपरापर्यंत, कधी मनगटापर्यंत, त्वचेखाली ताणलेल्या दोरीसारख्या शिरा हाताला लागतात. हात ताणला की त्या दुखतात. हा प्रकार घाबरवणारा असला तरी हळूहळू ताण देण्याच्या व्यायामाने बहुधा कमी होतो.

व्यायाम केव्हा सुरू करावा, हा प्रश्न दीर्घकाळ वादाचा होता. मार्गारेट मॅकनीली व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये केलेल्या आढाव्यानुसार पहिल्या तीन दिवसांतच खांद्याचे व्यायाम सुरू केल्यास हालचाल लवकर सुधारते. मात्र जखमेतून पाझरणारा द्रव वाढतो आणि निचरा-नळी अधिक दिवस ठेवावी लागते. त्यामुळे आरंभीच्या दिवसांत बोटे, मनगट व कोपर यांची हालचाल आणि खांद्याची सौम्य हालचाल, तर नंतर क्रमाने पूर्ण उंचीपर्यंत हात नेणे, असा मध्यममार्ग अनेक ठिकाणी अवलंबला जातो. ब्रिटनमधील 'प्रॉस्पर' या अभ्यासात खांद्याच्या तक्रारींचा धोका अधिक असलेल्या ३९२ स्त्रियांचा समावेश होता. शस्त्रक्रियेनंतर सात ते दहा दिवसांनी भौतिकोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली व्यायाम सुरू केलेल्या स्त्रियांच्या हाताची कार्यक्षमता वर्षभरानंतर नेहमीची काळजी मिळालेल्या स्त्रियांपेक्षा चांगली आढळली. हे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले.

लसीकासूज

काखेतील किंवा जांघेतील लसीकाग्रंथी काढल्याने अथवा किरणोपचाराने निकामी झाल्याने लसीकाद्रवाचा निचरा अडतो आणि हात किंवा पाय सुजतो. यास लसीकासूज किंवा लिम्फेडेमा म्हणतात. स्तनाच्या कर्करोगानंतर सुमारे पाचांपैकी एका स्त्रीला हा त्रास होतो, असे २०१३ मधील एका व्यापक आढाव्यात आढळले. काखेतील बहुतेक ग्रंथी काढलेल्यांत हे प्रमाण सुमारे २० टक्के, तर केवळ निवडक ग्रंथी तपासण्याच्या 'सेंटिनल नोड' पद्धतीनंतर ते सुमारे ६ टक्के होते. सूज शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही उद्भवू शकते. अंगठी किंवा बांगडी घट्ट होणे, हात जड वाटणे ही तिची सुरुवातीची चिन्हे असतात.

या एका विकाराभोवती जितक्या मनाई रचल्या गेल्या तितक्या क्वचितच दुसऱ्या कशाभोवती असतील. त्या हाताने बाजाराची पिशवी उचलू नये, पाण्याची कळशी घेऊ नये, कडेवर मूल घेऊ नये, असे स्त्रियांना सांगितले जाई आणि अनेक ठिकाणी अजूनही सांगितले जाते. यामागील तर्क असा होता की स्नायूंचे काम वाढले की रक्तप्रवाह वाढतो, त्यातून द्रव वाढतो आणि अपुऱ्या निचऱ्यामुळे सूज येते. तर्क वरवर पटण्यासारखा होता. तो तपासून मात्र पाहिला गेला नव्हता.

१९९६ मध्ये कॅनडातील व्हँकूव्हर येथे क्रीडावैद्यक तज्ज्ञ डॉन मॅकेन्झी यांनी स्तनाच्या कर्करोगावर उपचार झालेल्या २४ स्त्रियांचा एक चमू ड्रॅगन बोट वल्हवण्यासाठी तयार केला. अनेक वल्हेकऱ्यांच्या या लांब नावेत हात, खांदा आणि पाठ यांना सतत व जोरकस श्रम पडतात. प्रचलित समजुतीनुसार या स्त्रियांचे हात सुजायला हवे होते. तसे घडले नाही. नियंत्रित चाचणीचे बळ या प्रयोगाला नव्हते, पण त्यातून अनेक देशांत अशा नौकासंघांची परंपरा सुरू झाली आणि संशोधकांना प्रश्न मिळाला.

त्याचे उत्तर कॅथरिन श्मिट्झ यांच्या अमेरिकेतील चाचणीने दिले. आधीच लसीकासूज असलेल्या १४१ स्त्रियांपैकी निम्म्यांना आठवड्यातून दोनदा, क्रमाक्रमाने वजन वाढवत, वर्षभर वजन उचलण्याचा व्यायाम देण्यात आला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार हाताची सूज पाच टक्के किंवा त्याहून अधिक वाढण्याचे प्रमाण व्यायाम करणाऱ्यांत ११ टक्के, तर न करणाऱ्यांत १२ टक्के होते. म्हणजे व्यायामाने सूज वाढली नाही. उलट सूज एकाएकी बळावण्याचे प्रसंग व्यायाम करणाऱ्यांत सुमारे निम्मे होते. सूज नसलेल्या, पण धोका असलेल्या १५४ स्त्रियांवरील पुढील चाचणीत वर्षभरात सूज येण्याचे प्रमाण व्यायाम गटात ११ टक्के आणि दुसऱ्या गटात १७ टक्के आढळले. यातून एक गोष्ट सुटता कामा नये. या स्त्रियांनी सुरुवात अगदी हलक्या वजनाने, प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली केली होती आणि सूज असलेल्या स्त्रिया व्यायामाच्या वेळी दाबपट्ट्यांची बाही घालत असत. वर्षभर न वापरलेल्या हाताने एके दिवशी अचानक भरलेली बादली उचलणे आणि हा व्यायाम यांत फार अंतर आहे.

लसीकासुजेवरील प्रचलित उपचारात चार गोष्टी एकत्र येतात: त्वचेची निगा, हलक्या हाताने केलेली निचरा-मालीश, अनेक थरांचे दाबबंध आणि त्या बंधांसह केलेला व्यायाम. यांतील मालीशीची पद्धत डेन्मार्कचे एमिल व्होडर यांनी १९३०च्या दशकात विकसित केली. ती तेल लावून रगडण्याच्या आपल्याकडील मालीशीपेक्षा अगदी वेगळी असून त्वचा जेमतेम सरकेल इतकाच दाब तीत दिला जातो. जोराने रगडल्यास अपाय होऊ शकतो. सूज उतरल्यावर ती टिकवण्यासाठी मापाची दाबबाही दीर्घकाळ वापरावी लागते. उष्ण व दमट हवेत ती वापरणे कष्टाचे असते आणि अनेक रुग्ण याच कारणाने ती सोडून देतात.

तोंडाचा व मानेचा कर्करोग

पाश्चात्त्य साहित्यात कर्करोग पुनर्वसनाची चर्चा मुख्यतः स्तन, आतडे आणि प्रोस्टेट ग्रंथी यांच्या कर्करोगाभोवती फिरते. भारतात पुरुषांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग तोंडाचा असल्याने येथील भौतिकोपचारतज्ज्ञांपुढील प्रश्न काहीसे वेगळे आहेत.

पहिला प्रश्न जबडा आखडण्याचा. शस्त्रक्रिया आणि किरणोपचार यांमुळे चावण्याचे स्नायू तंतुमय होऊन तोंड उघडणे कमी होते. वरच्या व खालच्या समोरच्या दातांमधील अंतर ३५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असल्यास जबडा आखडला असे सामान्यतः मानतात. रुग्णाची स्वतःची तीन बोटे उभी मावतात का, ही दवाखान्यात केली जाणारी सोपी तपासणी होय. गुटखा, खर्रा किंवा मावा खाणाऱ्या अनेकांच्या तोंडात सुपारीमुळे होणारा तंतुमयतेचा विकार आधीपासूनच असतो. म्हणजे कर्करोगाचे निदान होण्यापूर्वीच तोंड पुरते उघडत नसते. घास घेणे, दात घासणे, बोलणे आणि पुढील तपासणीसाठी डॉक्टरांना तोंडाचा आतला भाग दाखवणे, हे सारे त्यावर अवलंबून असते. उपचारासाठी तयार उपकरणे मिळतात, पण ती महाग असतात. त्याऐवजी दातांच्या मध्ये एकावर एक लाकडी पट्ट्या ठेवून, दर काही दिवसांनी एकेक पट्टी वाढवत नेण्याची पद्धत सर्रास वापरली जाते. किरणोपचारानंतर तंतुमयता महिनोन्‌महिने, काही वेळा अनेक वर्षे वाढत राहते. त्यामुळे हा व्यायाम टाके सुकल्यावर थांबवण्याचा नसतो. मध्येच सोडल्यास मिळवलेले मिलिमीटर परत जातात.

दुसरा प्रश्न खांद्याचा. मानेतील ग्रंथी काढताना खांदा उचलणाऱ्या स्नायूला चेतना पुरवणारी मज्जातंतू काढावी लागते किंवा तिला ताण बसतो. परिणामी खांदा खाली झुकतो, दुखतो आणि हात बाजूने वर जात नाही. शेतमजूर, हमाल, रंगारी अशा हातावर पोट असलेल्या माणसाच्या दृष्टीने हे अपंगत्व चेहऱ्यावरील व्रणाइतकेच गंभीर आहे. याही ठिकाणी क्रमाने भार वाढवणारा व्यायाम उपयोगी पडतो. कॅनडात ५२ रुग्णांवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बारा आठवड्यांच्या अशा व्यायामाने खांद्याचे दुखणे व असमर्थता नेहमीच्या उपचारापेक्षा अधिक कमी झाली.

थकवा

कर्करोगाशी निगडित थकवा झोपेने किंवा विश्रांतीने जात नाही, हे त्याचे वैशिष्ट्य आहे. केमोथेरपी व किरणोपचार घेणाऱ्या बहुसंख्य रुग्णांना तो जाणवतो आणि काहींमध्ये उपचार संपल्यावरही वर्षानुवर्षे टिकतो. २०१७ मध्ये कॅरेन मस्टियन व सहकाऱ्यांनी ११३ अभ्यासांतील ११,५२५ व्यक्तींच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण केले. व्यायाम आणि मानसोपचार यांनी थकवा कमी होतो आणि औषधांचा परिणाम त्या तुलनेत फारच तोकडा आहे, असे त्यात आढळले. थकलेल्या माणसाला चालायला सांगणे घरच्यांना निष्ठुरपणाचे वाटते. शिवाय त्यांचा आग्रह प्रेमापोटी असतो, म्हणून त्यांना समजावणे हा भौतिकोपचारतज्ज्ञाच्या कामाचा एक भागच होऊन बसतो.

२०१९ च्या मार्गदर्शनानुसार आठवड्यातून तीनदा सुमारे ३० मिनिटे मध्यम गतीचा दमश्वासाचा व्यायाम आणि आठवड्यातून दोनदा स्नायूंच्या बळकटीचा व्यायाम यांनी आठ ते बारा आठवड्यांत थकवा, चिंता, नैराश्य आणि शारीरिक क्षमता यांत सुधारणा होऊ शकते. चालता चालता बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, ती मध्यम गती, असा सोपा ठोकताळा वापरतात. इतके जमत नसल्यास दिवसातून चार-पाच वेळा पाच-पाच मिनिटे घरातल्या घरात चालणे हीदेखील सुरुवात मानली जाते.

शस्त्रक्रियेपूर्वीची तयारी

निदान आणि शस्त्रक्रिया यांच्यामधील आठवडे पूर्वी केवळ प्रतीक्षेत जात. या काळात व्यायाम, प्रथिनयुक्त आहार, मानसिक आधार आणि तंबाखू सोडणे यांनी शरीर तयार करण्याला पूर्वपुनर्वसन म्हणतात. मोठ्या आतड्याच्या व गुदाशयाच्या कर्करोगाच्या २५१ रुग्णांवरील आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोप-कॅनडातील चाचणीत चार आठवड्यांच्या अशा तयारीनंतर शस्त्रक्रियेतील गंभीर गुंतागुंतीचे प्रमाण १७.१ टक्के, तर तयारी न केलेल्यांत २९.७ टक्के होते. फुप्फुस किंवा अन्ननलिकेच्या शस्त्रक्रियेपूर्वी दीर्घ श्वसनाचे व्यायाम आणि फुंकर आत ओढून तीन चेंडू वर उचलण्याच्या उपकरणाचा सराव शिकवला जातो. प्रोस्टेट काढण्यापूर्वी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे आकुंचन शिकवतात, कारण लघवीवरील ताबा सैलावल्यानंतर तो व्यायाम नव्याने शिकणे अवघड जाते.

आजाराच्या परिणामावर प्रभाव

व्यायामाने जीवनमान सुधारते, हे मान्य झाल्यावरही त्याने आयुष्य वाढते का, हा प्रश्न अनुत्तरित होता. निरीक्षणात्मक अभ्यासांत सक्रिय रुग्ण अधिक जगत असल्याचे दिसे. परंतु ते मुळातच अधिक सुदृढ असल्याने सक्रिय असतील, ही शंका उरत असे. 'चॅलेंज' या चाचणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगापुरते तरी या शंकेचे बऱ्याच अंशी निरसन झाले. शस्त्रक्रिया व केमोथेरपी पूर्ण झालेल्या ८८९ रुग्णांपैकी एका गटाला तीन वर्षे मार्गदर्शकासह व्यायाम कार्यक्रम, तर दुसऱ्याला केवळ आरोग्यविषयक माहितीपत्रके देण्यात आली. पाच वर्षांनी आजाराशिवाय जगणाऱ्यांचे प्रमाण अनुक्रमे ८०.३ व ७३.९ टक्के, तर आठ वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण ९०.३ व ८३.२ टक्के होते. स्नायू व सांध्यांच्या तक्रारी व्यायाम गटात काहीशा अधिक होत्या.

या निष्कर्षांचा अर्थ व्यायाम हा केमोथेरपीला पर्याय आहे, असा होत नाही. चाचणीतील रुग्णांनी केमोथेरपी आधीच घेतली होती. शिवाय कार्यक्रमात सहभागी होण्याइतकी त्यांची प्रकृती ठीक होती. इतर अवयवांच्या किंवा शरीरभर पसरलेल्या कर्करोगाला हे आकडे जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

दक्षता

कर्करोग हाडांत पसरला असल्यास चुकीच्या भाराने हाड मोडू शकते. अशा रुग्णांत कोणत्या हाडात, किती भागात आजार आहे हे पाहून त्या भागावर पिळवटणारा व आदळणारा भार टाळतात. मात्र पसरलेला आजार आहे म्हणून व्यायाम पूर्णपणे बंद करणे आता योग्य मानले जात नाही. नवीन उद्भवलेली, रात्री वाढणारी पाठदुखी, पायांतील अचानक अशक्तपणा किंवा लघवी-शौचावरील ताबा जाणे ही मज्जारज्जूवर दाब आल्याची चिन्हे असू शकतात. ती दिसताच व्यायाम थांबवून तातडीने रुग्णालय गाठणे आवश्यक असते. ताप, छातीत दुखणे, एकाच पायाला आलेली दुखरी सूज ही देखील थांबण्याची कारणे होत.

केमोथेरपीच्या काळात रक्तकण कमी होतात. रक्तबिंबिका फार घटलेल्या असताना जोराचे व पडझडीचा धोका असलेले व्यायाम टाळतात, तर पांढऱ्या पेशी कमी असताना गर्दीची व्यायामशाळा व जलतरण तलाव टाळून घरी व्यायाम करण्यास सांगतात. पॅक्लिटॅक्सेल, व्हिन्क्रिस्टिन, ऑक्झॅलिप्लॅटिन यांसारख्या औषधांनी तळपाय बधिर होतात. अशा रुग्णाची चप्पल पायातून निसटली तरी त्याला कळत नाही. त्यांच्यासाठी तोल सांभाळण्याचे व्यायाम आणि टाचेला पट्टा असलेली पादत्राणे महत्त्वाची ठरतात. डॉक्सोरुबिसिनसारखी औषधे हृदयाला अपाय करू शकत असल्याने ती घेतलेल्यांच्या व्यायामाची तीव्रता हृदयाच्या तपासणीनुसार ठरवतात.

भारतातील स्थिती

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात कर्करोगाचे सुमारे १४ लाख नवे रुग्ण आढळले. उपचार घेऊन जगणाऱ्यांची संख्या वाढत असल्याने पुनर्वसनाची गरजही वाढत आहे. देशातील भौतिकोपचाराचे औपचारिक शिक्षण १९५०च्या दशकाच्या पूर्वार्धात, पोलिओच्या साथीच्या पार्श्वभूमीवर, मुंबईच्या परळमधील केईएम रुग्णालयात सुरू झाले. त्याच परळमध्ये १९४१ पासून टाटा स्मारक रुग्णालय आहे. पोलिओ, अस्थिभंग आणि पक्षाघात यांभोवती वाढलेल्या या शाखेत कर्करोगाला स्वतंत्र स्थान मात्र बऱ्याच उशिरा मिळाले. २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने भौतिकोपचाराला देशपातळीवर वैधानिक चौकट दिली.

महाराष्ट्रातील अनेक रुग्ण शस्त्रक्रियेसाठी मुंबई, पुणे किंवा नागपूरला येतात आणि टाके निघण्याच्या सुमारास गावी परततात. खांदा, जबडा किंवा लसीकासूज यांचे खरे त्रास त्यानंतर काही आठवड्यांनी सुरू होतात आणि तोवर व्यायाम दाखवणारी व्यक्ती शेकडो किलोमीटर दूर असते. म्हणून रुग्णालयातून घरी सोडण्यापूर्वी व्यायाम रुग्णाकडून व सोबतच्या नातेवाइकाकडून प्रत्यक्ष करून घेणे, चित्रांसह मराठीतील पत्रक देणे आणि पुढे दूरध्वनीवरून किंवा चित्रफितीद्वारे पाठपुरावा ठेवणे, या उपायांवर भर दिला जातो. महागड्या साधनांवाचूनही काम होते: भिंतीवर बोटे चढवत दररोज पेन्सिलने खूण करणे, कप्पीऐवजी दाराच्या चौकटीवरून टाकलेली जुनी ओढणी, डंबेलऐवजी पाण्याने भरलेली अर्ध्या लिटरची बाटली. जमिनीवर मांडी घालून बसणे व आधाराशिवाय उठणे ही भारतीय घरातील रोजची गरज असल्याने खुर्चीवरून उठण्याच्या पाश्चात्त्य चाचणीबरोबर तिचीही नोंद घेणे उपयुक्त ठरते.

योगासने व प्राणायाम यांचा वापर भारतीय केंद्रांमध्ये वाढत आहे आणि टाटा स्मारक रुग्णालयात स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांवर त्याची चाचणीही झाली आहे. थकवा, झोप आणि मनःस्थिती यांवर योगाचा अनुकूल परिणाम होत असल्याचे अनेक अभ्यास सांगतात. स्नायूंचे बळ वाढवण्याच्या बाबतीत तो भारयुक्त व्यायामाची जागा घेऊ शकेल, असा पुरावा मात्र नाही. हाडांत आजार असलेल्या रुग्णांनी पाठ खूप वाकवणारी किंवा पिळणारी आसने तज्ज्ञांना विचारल्याशिवाय करू नयेत.